बिंदू, चौकोन आणि आपल्या घरची भिंत

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. नाशिकरोडला आमच्या परिचयाचे एक कुटुंब राहते. आजोबा प्रेसमधून निवृत्त झालेले, मुलगा खाजगी कारखान्यात, सून घरी शिवणकाम करते आणि नात बारावीला. घर तुमच्या-आमच्या घरासारखेच. दारातून आत शिरले की समोरच्या भिंतीवर मधोमध तथागत, त्यांच्या शेजारी बाबासाहेब, खालच्या ओळीत माता रमाई आणि जोतिराव-सावित्रीबाई. पौर्णिमेला त्या ओळीपुढे मेणबत्ती लागते, घरातली माणसे त्रिसरण-पंचशील म्हणतात.

त्या रविवारी आम्ही गेलो तेव्हा या तसबिरींच्या ओळीत एक कागद डकवलेला दिसला. हातभर लांबीचा जाडसर कागद. त्यावर निळे वर्तुळ, वर्तुळाच्या पोटात काळा चौकोन आणि चौकोनाच्या खांद्याला टेकलेला पिवळा त्रिकोण. बाकी काही नाही. ना माणूस, ना झाड, ना अक्षर.

आजोबा तापलेलेच होते. "फोटोंच्या ओळीत हे काय डकवलंय? कोणाचं चित्र आहे हे? याला नाव ना गाव!"

नात म्हणाली, "आजोबा, ते कोणाचं नाही. नुसते आकार आहेत. मी लिनोवर कोरून छापलंय."

"नुसते आकार तर भूमितीच्या वहीत ठेव. इथं बाबासाहेब आहेत."

तेवढ्यात सूनबाई चहा घेऊन आल्या आणि त्यांनी आम्हालाच मध्ये ओढले. "भाऊ, तुम्ही चार अक्षरं लिहिता, तुम्हीच सांगा हिला. टक्के चांगले आहेत, नर्सिंगला सहज लागेल. आणि ही म्हणते चित्रकलेला जाते. बरं, चित्रं तरी कशाची? बाबासाहेबांचा फोटो काढला तर जयंतीला कोणी दोन पैसे देईल. त्रिकोण-चौकोन कोण घेणार?"

खरे सांगायचे तर त्या दिवशी आम्हाला उत्तर देता आले नाही. आम्ही चहा पिऊन उठलो. पण प्रश्न डोक्यातून जाईना. आपल्या समाजाची चित्रकला म्हटली की आम्हालाही तसबिरीच आठवतात. त्या तसबिरींनी आपल्याला किती बळ दिले हे वेगळे सांगायला नको. मग ज्या चित्रात कोणीच नाही, त्या चित्राशी आपले नाते काय? पुढचे दोन-तीन आठवडे मिळेल ते वाचले, जाणत्यांना विचारले, आणि एका रविवारी त्या तिघांना, म्हणजे आजोबा, सूनबाई आणि नात यांना घेऊन त्रिरश्मीच्या डोंगरावर गेलो.

नाशिक जिल्ह्याबाहेरच्या वाचकांसाठी थोडे सांगतो. नाशिक शहराच्या नैर्ऋत्येला, मुंबईकडे जाणाऱ्या महामार्गाच्या कडेला हा डोंगर आहे. दुरून पाहिला तर पाटीवर काढलेला त्रिकोणच. शिलालेखांत त्याचे नाव 'तिरण्हु' असे येते. लोक या लेण्यांना पांडवलेणी म्हणतात. पांडवांचा या डोंगराशी काडीचा संबंध नाही. ही बौद्ध भिक्खूंच्या वर्षावासाची घरे आहेत आणि तसे दगडावरच लिहून ठेवलेले आहे. लेणी सुमारे चोवीस. सर्वात जुने काम दोन हजार वर्षांपूर्वीचे. कोणी काय दान दिले हेही कोरलेले आहे. तिसरे लेणे गौतमी बलश्री या सातवाहन राजमातेच्या दानाचे. दहाव्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्याने तीन हजार कार्षापण गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेव म्हणून ठेवले. एकीकडे दोन हजार, दुसरीकडे एक हजार. दोन हजारांच्या व्याजातून वर्षावासाला राहणाऱ्या वीस भिक्खूंच्या चीवरांचा खर्च भागायचा. म्हणजे राजघराण्याचा पैसा सांभाळायला विणकर विश्वासाचे होते! हे वाचून सूनबाई थबकल्या. शिवणकाम करणाऱ्या बाईला दोन हजार वर्षांपूर्वीचे कापड-कामगार असे भेटले.

पण आम्ही त्यांना नेले होते ते अठराव्या लेण्यासाठी. हे इथले एकमेव चैत्यगृह. दारावरच्या कोरीव कामाचे दान धंभिक गावच्या लोकांनी केल्याचा लेख आहे. वर्गणी काढून केलेले काम ते! आत लांबट दालन, त्याचे मागचे टोक अर्धवर्तुळात वळलेले. दोन्ही बाजूंना साधे अष्टकोनी खांब. आणि टोकाशी स्तूप: खाली उंच गोल पिंप, त्यावर घुमट, घुमटावर चौकोनी हर्मिका.

आजोबांनी हात जोडले, त्रिसरण म्हटले. मग नातीने हळूच विचारले, "आजोबा, इथं बुद्धांची मूर्ती कुठंय?"

नव्हती. त्या दालनात स्तूपच तथागतांच्या जागी आहे. तिसऱ्या लेण्यात मागच्या भिंतीवर उठावात कोरलेला स्तूप आहे आणि दोन्ही बाजूंना वंदन करणाऱ्या स्त्रिया आहेत. त्या वंदन करतात ते एका आकाराला. तथागतांनंतरच्या पहिल्या काही शतकांत भारतातल्या शिल्पकारांनी त्यांचा देह कोरलेला दिसत नाही. सांची, भारहुत पाहा. चक्र, बोधिवृक्ष, पावलांचे ठसे, रिकामे आसन, स्तूप. पुढच्या काळात बुद्धमूर्ती घडल्या, याच डोंगरातही नंतरच्या मूर्ती आहेत आणि त्या सुंदर आहेत. पण आपल्या पूर्वजांनी वर्तुळ आणि चौकोन यांच्यापुढे हात जोडले होते, ही गोष्ट दगडात आहे.

आजोबा बराच वेळ काही बोलले नाहीत. पायऱ्या उतरताना म्हणाले, "स्तूपाचं वेगळं. त्याला अर्थ आहे. हिच्या कागदाला काय अर्थ?"

प्रश्न रास्त होता. त्यासाठी आम्ही त्यांना एका माणसाची हकिकत सांगितली, ती इथे जरा सविस्तर सांगतो.

सय्यद हैदर रझा हे नाव आपल्या घरांत फारसे कोणाला ठाऊक नसेल. जन्म २२ फेब्रुवारी १९२२, मध्य प्रांतातल्या मंडला जिल्ह्यात बाबरिया या जंगलातल्या खेड्यात. वडील वनखात्यात. पोराचे शाळेत लक्ष नसे. तेव्हा नंदलाल झारिया नावाच्या गुरुजींनी एक दिवस त्याला थांबवून घेतले, शाळेच्या भिंतीवर एक ठिपका काढला आणि सांगितले, बाकी सारे विसर आणि याच्याकडे बघत बस. पोरगा बसला. तो ठिपका पुढे चाळीस-पन्नास वर्षांनी त्याच्या चित्रांत मोठा होऊन परत आला. त्याला रझांनी 'बिंदू' म्हटले. खेड्यातल्या एका मास्तराने भिंतीवर काढलेला ठिपका जगातल्या मोठमोठ्या संग्रहालयांत जाऊन बसला. आपल्या वाचकांत शिक्षक पुष्कळ आहेत, त्यांनी हे ध्यानात ठेवावे.

रझांचे पहिले कला-शिक्षण झाले ते नागपूरच्या चित्रकला शाळेत, १९३९ ते १९४३. पुढे मुंबईच्या सर ज. जी. कला शाळेत शिकण्यासाठी सरकारी शिष्यवृत्ती मिळाली. पण मुंबईला पोचायला उशीर झाला, प्रवेश बंद झाले होते, आणि शिष्यवृत्तीही गेली. शिष्यवृत्तीच्या कचेरीत खेटे घातलेल्या आपल्या मुलांना हे दुःख समजावून सांगावे लागणार नाही. रझा परत गेले नाहीत. फोर्टमधल्या एक्स्प्रेस ब्लॉक स्टुडिओत त्यांनी नोकरी धरली, आणि नोकरी सांभाळून शिक्षण चालू ठेवले.

ब्लॉक स्टुडिओ म्हणजे काय, हे नव्या पिढीला सांगायला हवे. खिळे जुळवून छपाई होत असे त्या काळी वर्तमानपत्रात फोटो छापायचा तर त्याचा जस्ताचा ब्लॉक करून आणावा लागे. आमच्यासारख्या साप्ताहिकांच्या कपाटात बाबासाहेबांचे दोन-तीन ब्लॉक जपून ठेवलेले असत आणि १४ एप्रिलला, ६ डिसेंबरला तेच बाहेर निघत. ब्लॉकमधला फोटो जवळून पाहिला तर काय दिसते? ठिपके. लहान ठिपके, मोठे ठिपके. लांब धरला की चेहरा. रझा अशा ठिकाणी काम करीत होते.

१९४७ साली मुंबईत काही तरुणांनी 'प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्‌स ग्रुप' काढला. सूझा, आरा, हुसेन, गाडे, बाक्रे आणि रझा. यातले कृष्णाजी हौळाजी आरा घरगड्याचे काम करीत, मोटारी धूत. हुसेन सिनेमाचे फलक रंगवीत. हरी अंबादास गाडे अमरावती जिल्ह्यातले. बड्या घरची मुले नव्हती ही. याच सुमारास फाळणी झाली. रझांची भावंडे पाकिस्तानात गेली. रझा इथेच राहिले.

१९४८ साली काश्मीरमध्ये त्यांची आंरी कार्तिए-ब्रेसाँ या विख्यात फ्रेंच छायाचित्रकाराशी गाठ पडली. त्याने चित्रे पाहून स्पष्ट सांगितले की रंग चांगले आहेत, पण चित्राला बांधणी नाही. घर बांधताना पाया लागतो तसे चित्राचे आहे. दुसरा असता तर रागावला असता. रझा फ्रेंच भाषा शिकू लागले आणि १९५० साली फ्रान्स सरकारची शिष्यवृत्ती मिळवून पॅरिसला गेले. १९५६ साली, म्हणजे नागपूरला आपल्या धम्मक्रांतीचा सोहळा झाला त्या वर्षी, त्यांना तिथल्या समीक्षकांचा पुरस्कार मिळाला. फ्रेंच नसलेल्या चित्रकाराला तो मान प्रथमच मिळत होता.

इथवर गोष्ट यशाची आहे. पुढचा भाग आम्हाला जास्त महत्त्वाचा वाटतो. पॅरिसमध्ये नाव झाले, चित्रे खपू लागली, आणि सत्तरीच्या दशकात रझांना वाटू लागले की यात आपले काही नाही. ते भारतात वारंवार येऊ लागले. अजिंठा, वेरूळ पाहिले, राजस्थान, गुजरात हिंडले. आणि मग त्यांच्या कॅनव्हासवर घरे, झाडे, डोंगर विरत गेले आणि उरले ते मोठे काळे वर्तुळ, त्याभोवती चौकोन, वर-खाली टेकलेले त्रिकोण, आडव्या-उभ्या पट्ट्या. लाल, पिवळा, निळा, काळा, पांढरा. एवढ्याच सामानावर ते मरेपर्यंत चित्रे करीत राहिले.

त्या चित्रांना त्यांनी जी नावे दिली त्यांत पुरुष-प्रकृती, कुंडलिनी असले शब्द येतात. ते तत्त्वज्ञान आपले नाही आणि ते आपण स्वीकारावे असे आम्ही मुळीच म्हणत नाही. पण चित्राची गंमत अशी की नावाची चिठ्ठी काढून टाकली तरी ते उभे राहते. काळ्या वर्तुळाकडे दोन मिनिटे स्वस्थ बघा. विहारात आनापानाला बसताना मन एका जागी आणतो, तसेच डोळा एका जागी येतो. गुरुजींनी पोराला भिंतीपुढे बसवले ते याचसाठी.

रझा २०१० च्या अखेरीस कायमचे भारतात परतले. २३ जुलै २०१६ रोजी दिल्लीत वारले आणि त्यांच्या इच्छेप्रमाणे मंडल्याला वडिलांच्या कबरीशेजारी त्यांना दफन करण्यात आले. त्यांचे 'सौराष्ट्र' हे १९८३ सालचे चित्र २०१० साली लंडनच्या लिलावात सुमारे साडेसोळा कोटी रुपयांना गेले. हा आकडा सांगितल्यावर सूनबाईंचे डोळे विस्फारले. आम्ही लगेच सांगितले की असल्या आकड्यांवर पोरीचे भविष्य ठरवू नका. ते पैसे विकणाऱ्याला मिळतात, आणि असे नशीब लाखात एकाचे.

अर्थाचा प्रश्न मात्र राहिलाच होता. त्याबद्दल रशियातली एक हकिकत आमच्या वाचनात आली. काझिमिर मालेविच नावाचा चित्रकार होता, त्याचे वडील साखर कारखान्यांत नोकरी करीत. १९१५ साली पेट्रोग्राडच्या एका प्रदर्शनात त्याने पांढऱ्या पार्श्वभूमीवर नुसता काळा चौकोन काढून टांगला. टांगला कुठे? दोन भिंती मिळतात त्या कोपऱ्यात, वर छताजवळ. रशियन घरांत त्या कोपऱ्यात देवादिकांच्या पवित्र तसबिरी ठेवायची रीत होती. लोक खवळले. चौकोन काढला म्हणून जेवढे खवळले असतील त्याहून अधिक, तो त्या जागी लावला म्हणून. हे ऐकून आजोबा म्हणाले, "मग मी काय वेगळं बोललो?" त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. भिंतीवरची जागा ही साधी गोष्ट नाही. ज्यांना देवळाच्या दारात १९३० सालापासून सत्याग्रह करावा लागला, त्यांच्या घरातल्या त्या भिंतीवर कोण बसेल हे आपण फार मोल देऊन ठरवले आहे. काळारामाचे देऊळ इथून दोन हाकांच्या अंतरावर आहे. आजोबांच्या वडिलांनी तो सत्याग्रह पाहिला होता.

आता आपल्या अधिक जवळचे एक नाव. अकोल्याचे अंबादास खोब्रागडे. खोब्रागडे हे आडनाव आपल्या वाचकांना, विशेषतः विदर्भातल्या, परके नाही. तेही १९२२ सालचेच. सर ज. जी. कला शाळेत शिकले, विणकर सेवा केंद्रात हातमागासाठी नमुने करण्याचे काम केले. हातमागाच्या कापडावर तिरपी रेषासुद्धा पायऱ्या-पायऱ्यांनीच चढते, कारण ताणा आणि बाणा दोघेही सरळ चालतात. त्या कामात माणसाला चौकोनाची सवय होते. अंबादास मात्र आपल्या चित्रांत या चौकोनातून सुटले. त्यांच्या कॅनव्हासवर कोणताच आकार ठरत नाही, रंगाच्या रेघा पाण्याच्या ओघासारख्या वाहतात. १९६३ साली दिल्लीत 'ग्रुप १८९०' या बारा चित्रकार-शिल्पकारांच्या गटाचे प्रदर्शन भरले, त्याचे उद्घाटन पंडित नेहरूंनी केले, त्या बारांत अंबादास होते. पुढे ते नॉर्वेला स्थायिक झाले आणि २०१२ साली ऑस्लोत वारले. चित्रावर सही ते नुसती 'अंबादास' अशी करीत. जन्मभर त्यांनी एकही देवदेवतेचे वा पुढाऱ्याचे चित्र काढून नाव मिळवले नाही. ते वारले तेव्हा आपल्या किती साप्ताहिकांनी चार ओळी छापल्या? आम्हीही त्यात कमीच पडलो, हे कबूल करतो.

परतीच्या बसमध्ये विषय निघाला छपाईचा, आणि इथे गाडी आजोबांच्या रुळावर आली.

नातीने जे केले होते त्याला छापचित्र म्हणतात. पद्धती अनेक. लिनोलियमच्या तुकड्यावर पटाशीने कोरायचे, जे कोरले ते कोरे राहते, जे उरले त्यावर रुळाने शाई फिरवायची, वर कागद ठेवून दाबायचा. घरी प्रेस नसेल तर चमच्याच्या पाठीने घासले तरी छाप उमटतो. लाकडावर कोरले तर काष्ठछाप. तांब्या-जस्ताच्या पत्र्यावर तेजाबाने रेघ खाल्ली तर शाई त्या खाचेत बसते आणि जोराच्या दाबाखाली कागदावर चढते. आणि रेशमी जाळीतून शाई ओढली तर त्याला कलावंत लोक सेरिग्राफ म्हणतात. हे भारी नाव ऐकून दबू नका. ते आपले स्क्रीन प्रिंटिंगच. जयंतीचे झेंडे, लग्नपत्रिका, मंडळाचे बनियन ज्या पद्धतीने आपली पोरे छापतात, त्याच पद्धतीने रझांच्या बिंदूचे सेरिग्राफ निघाले. एका चित्राच्या ठराविक प्रती काढायच्या, प्रत्येकीखाली पेन्सिलीने आकडा टाकायचा, ५/२५ म्हणजे पंचवीसांतली पाचवी, आणि सही करायची. मूळ चित्र धनिकाच्या घरी जाते. छाप मात्र शिक्षकाला, कारकुनालाही परवडू शकतो.

खाचेत शाई भरायची ती पद्धत निघताच आजोबा सरसावून बसले. नोटेवर बोट फिरवले की शाई उंच लागते ती का, हे त्यांनी पोरीला बोट धरून दाखवले. नाशिकरोडचा इंडिया सिक्युरिटी प्रेस १९२५ साली उभा राहिला. तोवर हिंदुस्थानची टपाल तिकिटे विलायतेत छापून येत. १९२८ साली शेजारी नोटांचा कारखाना सुरू झाला. या दोन कारखान्यांवर नाशिकरोडची किती घरे उभी राहिली! नोटेवर, मुद्रांकावर जी जाळीदार, वळणावळणांची नक्षी असते ती म्हणजे भूमितीच. वर्तुळात वर्तुळ फिरवून काढलेली रेघ. हाताने नक्कल करता येऊ नये म्हणून ती तशी. आजोबांनी हयातभर ज्या कागदांवर काम केले, त्यांवर गांधीजींच्या चेहऱ्याइतकीच ही नक्षी महत्त्वाची होती. आणि ती कोणाचे चित्र आहे असे त्यांना कधी विचारावेसे वाटले नाही.

आम्ही त्यांना आणखी एक आठवण दिली. १९५६ साली २५०० व्या बुद्धजयंतीनिमित्त भारताच्या टपाल खात्याने दोन तिकिटे काढली. छपाई नाशिकची. त्यांवर बुद्धांचा चेहरा नव्हता, बोधिवृक्ष होता. आजोबा तेव्हा शाळकरी पोर होते, पण ती तिकिटे त्यांनी नंतर पाहिली होती. "हो, पानं होती," एवढेच म्हणाले.

सूनबाईंच्या प्रश्नाचे उत्तर आम्ही गोड करून सांगितले नाही. चित्रकलेत पगार उशिरा लागतो आणि नुसत्या अमूर्त चित्रांवर घर चालवणारे फार थोडे. पण कला महाविद्यालयातून निघालेले सगळे चित्रेच विकत बसत नाहीत. कोणी कलाशिक्षक होते, कोणी कापडाचे नमुने करते, कोणी छपाईच्या धंद्यात, जाहिरातीत, पुस्तकांच्या मुखपृष्ठांत जाते. शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षा दिलेल्या असाव्यात. इंटरमिजिएटच्या श्रेणीवर दहावीला वाढीव गुण मिळतात, पण पुष्कळ पालकांना हे मुलाची दहावी झाल्यावर कळते. प्रवेश परीक्षेचा अर्ज आणि जातीचा दाखला वेळेत तयार ठेवावा. संस्था मान्यताप्राप्त आहे की नाही ते आधी पाहावे, म्हणजे शिष्यवृत्तीला अडचण येत नाही. भरमसाट फी घेणारे आणि कसलीच मान्यता नसलेले वर्ग गल्लोगल्ली निघाले आहेत. रझांसारखा उशीर मात्र करू नये. प्रत्येकाला ब्लॉक स्टुडिओ भेटतोच असे नाही.

नर्सिंगचे काय? तो निर्णय त्या घराचा आहे. आम्ही सूनबाईंना एवढेच म्हणालो की पोरीला तिचे काम करताना एकदा शेजारी बसून बघा.

दिवाळीच्या सुमारास पुन्हा त्या घरी जाणे झाले. दारातून आत शिरताच आमची नजर भिंतीवर गेली. तसबिरींची ओळ पूर्वीसारखी होती. कागद तिथे नव्हता. आम्हाला वाईट वाटले. तेवढ्यात आजोबांनी समोरच्या भिंतीकडे बोट दाखवले. खिडकीच्या शेजारी, जुन्या कॅलेंडरच्या चौकटीत, निळे वर्तुळ, काळा चौकोन, पिवळा त्रिकोण. "त्याला वेगळी भिंत लागते," आजोबा म्हणाले. "आणि उजेड लागतो."

मग त्यांनी कपाटातून भिंग काढले आणि आम्हाला जवळ बोलावले. "पहिल्या खेपेला हिचं रजिस्टरच जुळलं नव्हतं. तीन रंगांचे तीन ठोकळे, पण कागद बसवायला खूण नाही. पिवळा अर्ध्या सुताने खाली आला होता. प्रेसमध्ये असा कागद निघाला असता तर रद्दीत गेला असता." त्यांनी एका फळीला काटकोनात दोन पट्ट्या ठोकून दिल्या होत्या, म्हणजे प्रत्येक वेळी कागद त्याच कोपऱ्यात जाऊन टेकतो. चौकटीतला छाप त्या फळीवरचा होता. त्रिकोणाचे टोक चौकोनाच्या कोपऱ्याला नेमके टेकलेले.

सूनबाई यंत्रावरून न उठता म्हणाल्या, "अर्ज भरलाय दोन्हीकडचा. आधी बारावी होऊ दे."

निघताना नातीने आमच्या हातात एक गुंडाळी ठेवली. घरी येऊन उलगडली. खाली पेन्सिलीने २/६ असा आकडा आणि बारीक सही. पिवळा त्रिकोण अर्ध्या सुताने खाली आलेला. पहिल्या खेपेतली प्रत होती ती.